स्पीकरमधली आजी

धाकटे भावोजी,

थोरल्या वहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद. दोन्ही पाठवतेय, त्यातलं जे लागू पडेल ते ठेवून घ्या आणि उरलेलं जाऊबाईंना द्या. (तुम्हाला तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही वयानं माझ्याहून लहान, आणि चिरंजीव म्हणावं तर डोक्यावर केस औषधालाही नाही. म्हणून मायना असा लंगडा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचं ब्लडप्रेशर तुम्ही घरात असलात की चढतं आणि फिरायला बाहेर पडलात की उतरतं, असं त्याच मागे म्हणाल्या होत्या. तेव्हा गुडघ्याला जरा धीर द्या आणि फिरणं सोडू नका. माझं म्हणाल तर कान शाबूत, डोळे कामापुरते, जीभ तुम्हाला माहीत आहे, आणि खोकला जुना सोबती, तो काही मला सोडत नाही. त्या खोकल्याकडे लक्ष असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. तर फोनवर मी 'अहो भावोजी' म्हणते तोवर तुमचं 'बरं बरं, ठेवतो' होऊन जातं. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. (ठेवलंत तरी जाऊबाई वाचतीलच, आणि मोठ्यानं वाचतील.)

आता गादीचं. मागच्या महिन्यात माझ्या लेकानं तुम्हाला फोन करून सांगितलं होतं, की यंदा बायकोची शाळेतली नोकरी पक्की झाली नाही तर इथलं बिऱ्हाड मोडून तो तिला आपल्या कामाच्या गावी घेऊन जाणार, तिथे त्याची एकच खोली, सबब आईला तुमच्याकडे ठेवावं लागेल. त्यावर तुम्ही 'अवश्य, अवश्य' म्हणालात. भावोजी, ज्याला खरंच अवश्य वाटतं तो एकदाच म्हणतो. शिवाय मागे स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला तो मी ऐकला, कारण कान शाबूत आहेत हे वर लिहिलंच आहे. मग तुम्ही माळ्यावरची गादी काढून उन्हात घातलीत, हेही मला कळलं. (कोणी सांगितलं ते विचारू नका. आपल्या घरात बातमी पाण्यासारखी आहे, उताराकडे येतेच.) त्या गादीचं पुढे काय करायचं, हे सांगायलाच बसलेय. पण नोकरीचं काय झालं ते पत्राच्या शेवटी. मधलं गाळून तिकडे उडी मारू नका, तुमची ती खोड मला ठाऊक आहे.

आमची सूनबाई गल्लीच्या टोकाच्या शाळेत मधल्या वर्गांना इंग्रजी शिकवते. आजवर शिकवत होती खडू, फळा आणि स्वतःचा घसा यांवर. यंदा शाळेनं यंत्रं आणली. भिंतीवर चित्र पाडायचं एक, आवाज मोठा करायचा एक डबा, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या इतक्या वायरी, की टेबलाखाली बघितलं तर वाटावं कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. याला म्हणे मल्टिमीडिया म्हणतात. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं, की आता इंग्रजी मुलांच्या कानातून आणि डोळ्यांतून आत गेलं पाहिजे. (या बाईंना मी थर्मामीटर म्हणते. दिवसभर या वर्गातून त्या वर्गात डोकवायचं, ताप आहे का बघायचं आणि झटकून पुढे जायचं, हेच त्यांचं काम.) आणि वरून तपासनीस बाई येणार, सूनबाईचा यंत्रावरचा एक धडा बघणार, आणि तिला पक्की करायची की नारळ द्यायचा ते लिहून जाणार.

पुस्तकाबरोबर तयार आवाज आले होते. पण त्यातला तो साहेब तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलायचा. मुलं इंग्रजी शिकायच्या ऐवजी बटाटा शिकायला लागली. तेव्हा सूनबाईनं ठरवलं, आवाज आपणच भरायचे, घरी, मोबाइलवर. आता आमचं घर म्हणजे आवाजाचं आगर. वरच्या मजल्यावर शिवणाचं मशीन, खाली सायकलवाल्याचा हातोडा, आणि घरात मी. तिनं सगळं घर कान लावून तपासलं आणि सगळ्यांत शांत जागा शोधून काढली. कुठली? माझं कपड्यांचं कपाट. म्हणे कपडे आवाज पिऊन टाकतात. एका दुपारी मी डुलकी काढून उठते तर काय, सूनबाईचं अर्धं अंग माझ्या कपाटात आणि ती माझ्या लोकरीच्या कोटाला इंग्रजीत विचारतेय, छत्री केवढ्याला. मला वाटलं, नोकरीच्या काळजीनं पोरीचं डोकं फिरलं. पाणी आणायला निघाले तर तिनं आतूनच हात बाहेर काढून 'गप्प बसा' अशी खूण केली. मी बसले. बसणं मला जमतं. गप्प बसणं तुमच्या दादांनाही उभ्या संसारात शिकवता आलं नाही.

धडा होता दुकानाचा. दुकानदार सूनबाईच, गिऱ्हाईकही सूनबाईच. मला इंग्रजी काय येतं? आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी सुरू झालं त्याच वर्षी गुरुजींची बदली झाली, त्यामुळे आमचं इंग्रजी गुरुजींबरोबरच गेलं. पण 'हाऊ मच' म्हणजे काय हे कळायला शाळा लागत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, हाऊ मच. दुकानदारानं भाव सांगितला. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? 'ओके, थँक यू.' भावोजी, माझ्या घरात, माझ्या कपाटात, माझ्या सुनेनं पहिल्या भावाला छत्री घ्यायची! तोंडातून निघून गेलं, 'अगं, कमी करून माग!' पाठोपाठ खोकला आला, आणि तिकडे गॅसवर कुकरनं शिट्टी दिली. सूनबाई कपाटातून बाहेर आली. काही बोलली नाही. (हिचं हेच वाईट. दोन शब्द बोलली असती तर मी चार बोलले असते आणि मिटलं असतं.) मोबाइलवर लावून बघितलं तर माझा आवाज, वरचं मशीन, खालचा हातोडा, सगळं अगदी लांबून, विहिरीतून आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी वर्गात लागणारच होतं, ती म्हणाली राहू दे, कोणाला ऐकू येतंय.

पण मोबाइलवर जे विहिरीतून येतं ते शाळेच्या त्या डब्यातून छपरावरून येतं. हे मला पुढे कळलं. मुलांना तो धडा भारी आवडला. रोज म्हणायची, बाई, छत्रीचा लावा. घरी मात्र सूनबाईनं अवाक्षर काढलं नाही. तपासणीच्या आधी तिनं मला भाजी आणायला पिटाळलं, शिवणवाल्या बाईच्या हातापाया पडून मशीन थांबवलं, आणि माझ्याशिवायचा, खोकल्याशिवायचा, शिट्टीशिवायचा नवा धडा भरून एका काळ्या काडीत घातला. पेनड्राइव्ह म्हणतात तिला, पण आमच्यात काडीच. ती काडी तिनं टेबलावर ठेवली.

आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. घरात जे जे बोटाएवढं असेल ते बटणांच्या डब्यात जातं. किल्ली, स्क्रू, गोळीचं अर्धुक, तुमचा तो हरवलेला दात. (हो, माझ्याकडेच आहे. पुढच्या वेळी घेऊन जा.) तपासणीच्या सकाळी टेबल पुसताना मला ती काडी दिसली. अशी मोलाची वस्तू उघड्यावर बरी नव्हे म्हणून मी ती डब्यात टाकली. सूनबाई घाईत निघून गेली. आणि थोड्या वेळानं शाळेतून फोन. आवाज असा, जसा काही तोही कपाटातूनच येतोय. 'आई, टेबलावर काळी काडी राहिलीय. मिळेल का हो?' म्हटलं, मिळेल का म्हणजे? माझ्या घरात वस्तू हरवत नाही. डबा उघडला, चाचपला, काळी काडी निघाली, पर्समध्ये टाकली आणि निघाले. डब्यात काळ्या काड्या दोन आहेत हे मला कोणी सांगितलं होतं?

वर्गाच्या दारात मी काडी सूनबाईच्या हातात दिली आणि जरा दरडावूनच विचारलं, सकाळी काही खाल्लंस का. तेवढ्यात मागून थर्मामीटर आल्या. त्यांनी मला कधी बघितलेलं नाही. त्यांना काय दिसलं? करड्या केसांची, चष्मेवाली, पर्स काखेत मारलेली एक बाई त्यांच्या शिक्षिकेला जाब विचारतेय. हात जोडून म्हणाल्या, 'आपणही तपासायलाच आलात का?' मी हो म्हटलं. खोटं नाही बोलले, भावोजी. पोरीनं खाल्लं का, हे तपासायलाच तर आले होते. त्यांनी मला धरून वर्गात मागे नेलं आणि तपासनीस बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चहाही आला. तपासनीस बाईंनी माझ्याकडे बघून मान लववली. मीही लववली, थोडी कमीच, कारण वरच्या हुद्द्याची माणसं कमी लववतात असं मी बघून ठेवलंय. सूनबाईचा चेहरा खडूसारखा पांढरा. पण आता काय बोलणार ती?

काडी यंत्रात गेली. दिवे बंद. भिंत उजळली. आणि भिंतीवर जे आलं ते इंग्रजी नव्हतं आणि दुकानही नव्हतं. काय होतं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच की वर्ग खदाखदा हसला, सूनबाईनं हाताला येईल ते बटण दाबलं, तसं ते चित्र जास्तच घट्ट बसलं, आणि शेवटी तिनं वायरच ओढून काढली. थर्मामीटरचा पारा वर चढताना मी डोळ्यांनी पाहिला. तपासनीस बाई काहीतरी लिहीत होत्या. मी मान तिरकी करून वाचायला बघितलं, पण त्यांचं अक्षर डॉक्टरसारखं.

त्या क्षणी, खरं सांगते, मला तुमच्याकडची ती मागची खोली दिसायला लागली. वाईट नाही हो खोली. खिडकी आहे, ऊन येतं, जाऊबाईंच्या हातचं जेवण. पण सकाळी सूनबाई 'आई, माझी छत्री कुठे ठेवलीत' म्हणून ओरडते ते तिथे ऐकू येणार नाही. आणि ती बापडी त्या एका खोलीत दिवसभर कोणावर ओरडेल?

सूनबाई फळ्यापाशी उभी राहिली, घसा साफ केला आणि शांतपणे मुलांना म्हणाली, 'यंत्र राहू दे. छत्रीचा धडा तुम्हालाच येतो ना? करा बघू.'

आणि भावोजी, मुलं उठली. एक उंच पोरगी दुकानदार, पुढचे दात पडलेला एक गिऱ्हाईक. पण ते दोघं बोलायच्या आधी खिडकीजवळच्या बाकावरून 'घर्रर्र' असा आवाज आला. ते वरच्या मजल्यावरचं शिवणाचं मशीन! मग 'ठक ठक', तो खालचा सायकलवाला. त्यांनी म्हणे कामं वाटून घेतली होती. पुस्तकातल्या धड्यात दोन माणसं, यांच्या धड्यात अख्खं आमचं घर. मग 'हाऊ मच इज धिस अम्ब्रेला', मग भाव, आणि मागच्या बाकावरची एक चष्मेवाली चिमुरडी कमरेवर हात ठेवून उठली आणि ओरडली, 'अगं, कमी करून माग!' हुबेहूब मी. (कमरेवरचा हात तिला कोणी सांगितला? आवाजात हात ऐकू येतो वाटतं.) लगेच ती खोकली. आधी एकदा, मग जोडीनं दोनदा, आणि शेवटी 'आई गं'. तिकडून कुकर, फुस्स. आणि मग दात पडलेला, जणू काही झालंच नाही अशा थाटात, 'ओके, थँक यू.'

मी मघापासून खडूच्या धुळीत माझा खोकला दाबून बसले होते. पण जांभईसारखंच असतं हे, दुसऱ्याचा ऐकला की आपला येतो. आला. आधी एकदा, मग जोडीनं दोनदा. 'आई गं' मी गिळायला बघितलं, पण तेही निसटलं. सगळा वर्ग गर्रकन मागे वळला. मग ती चष्मेवाली किंचाळली, 'तीच! स्पीकरमधली आजी!'

थर्मामीटरनं माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे असं बघितलं, जसा काही तो मी चोरलाय. तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, 'ते वाक्य तुमचं?' म्हटलं, माझंच. आणि सून माझी, कपाट माझं, खोकलाही माझाच. त्या पोरीची काही चूक नाही. पण बाई, तुम्हीच सांगा, दुकानदारानं तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि गिऱ्हाईक थँक यू म्हणून चालतं झालं, असं कुठल्या मुलखात होतं? त्यांनी खुर्चीला अडकवलेली स्वतःची छत्री काढली, त्या उंच पोरीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, 'विक यांना. इंग्रजीत.'

आली का पंचाईत? माझ्याकडे इंग्रजी शब्द किती? यस, नो, आणि 'टू मच'. हा तिसरा तुमच्याकडून शिकलेय, प्रत्येक बिलावर तुम्ही तो म्हणता. पोरीनं असा भाव सांगितला की त्यात मी छत्री नाही, छप्पर घातलं असतं. मी म्हटलं, 'टू मच!' ती म्हणाली, 'नो टू मच, आजी. गुड अम्ब्रेला.' मला मागून कोणीतरी शब्द पुरवला, 'ओल्ड.' मी लगेच, 'ओल्ड अम्ब्रेला!' (जुनीच होती. तपासनीस बाईंनी तोंड फिरवलं.) दुसरं एक पोर धावत येऊन छत्रीत डोकावलं आणि ओरडलं, 'होल! आजी, होल!' आता अर्धा वर्ग माझ्या बाजूनं, अर्धा दुकानाच्या. ती उंच पोरगी हार जाईना. म्हणते, 'होल इज स्मॉल, आजी. होल इज फ्री!' अशी पोरगी माझ्या पोटी आली असती तर मी आज मोठ्या दुकानाची मालकीण असते. मग माझे शब्द संपले. तेव्हा मी ते केलं जे कुठल्याही बाजारात शब्द संपल्यावर करतात. पर्स उचलली आणि दाराकडे चालायला लागले. आणि पाठीमागून सगळं दुकान एका आवाजात ओरडलं, 'कम बॅक, आजी! कम बॅक! आय गिव्ह लेस!'

यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं, असं सूनबाई म्हणते. आणि म्हणते, ही मुलं वर्षभरात स्वतःच्या मनानं इंग्रजी बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी येताना ती माझ्याबरोबर मुकाट चालत होती. मीही गप्प. (हो, मी.) वाटलं, आता कोपऱ्यावर रडणार. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या पायरीवर ती मटकन बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की पाववाला पाणी घेऊन आला. म्हणाली, 'आई, होल इज फ्री!' मग आम्ही दोघी हसलो, आणि त्यात जरा रडूनही घेतलं, पण ते पाववाल्याला कळलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात कागद आला. पोरगी पक्की झाली. तपासनीस बाईंनी शेरा लिहिलाय, की यंत्र बोलताना मी सगळीकडे बघते, मुलं बोलताना इथे बघितली. तेव्हा भावोजी, जाऊबाईंना म्हणावं भांडी आता सावकाश ठेवा. मी इथंच राहतेय. सूनबाईला मी शब्द दिलाय, यापुढे तिच्या इंग्रजीत तोंड घालणार नाही आणि टेबलावरच्या कुठल्याही काडीला हात लावणार नाही. गुडघ्याला जपा, जाऊबाईंना त्याहून जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. भिंतीवर काय आलं ते सांगायचं राहिलंच. ती दुसरी काडी माझ्या लेकाच्या लग्नाची होती. भिंतभर तुम्ही होतात, भावोजी. खांद्यावर टेबलाची चादर टाकून नाचत होतात, गुडघा तेव्हा धड होता. सूनबाईनं चुकीचं बटण दाबलं, तसे तुम्ही एक पाय वर घेऊन तिथेच थांबलात. तपासनीस बाईंनी विचारलं, हा कुठल्या विषयाचा धडा? थर्मामीटर म्हणाल्या, शारीरिक शिक्षणाचा असावा.

ता. क. दुसरा. वर लिहिलेला शब्द मला परत घ्यावा लागलाय. तपासनीस बाईंनी सूनबाईला इतर शाळांसाठीही आवाज भरायला सांगितलेत, आणि घरातले आवाज मुद्दाम त्यात ठेवायचे असा वरून हुकूम आहे. हुकमापुढे मी काय करणार? पुढचा धडा असा आहे: आजोबांचा चष्मा हरवतो, ते घरभर ओरडत फिरतात, चष्मा त्यांच्याच कपाळावर असतो आणि आजी त्यांना फैलावर घेते. आमच्या नात्यात असं जोडपं कोण, यावर आम्ही फार विचार केला नाही. शिवाय मुलं रोज विचारतात, नाचणारे आजोबा कधी येणार? तुमचं इंग्रजी बघता तुम्हाला थोडंच बोलायचंय, 'यस' आणि 'सॉरी'. जाऊबाईंसमोर दोन्हींचा तुम्हाला सराव आहे.

ता. क. तिसरा. सूनबाईनं हे वाचलं आणि म्हणाली, आई, असा हुकूम सोडू नका, विचारा. तर विचारते. रविवारी आम्ही दोघी मोबाइल घेऊन येतोय. सूनबाई संध्याकाळी परत जाईल. मी धडा नीट भरेपर्यंत थांबेन, आणि तुमचं पाठांतर मला माहीत आहे. तेव्हा ती गादी माळ्यावर टाकली असेल तर काढून पुन्हा उन्हात घाला. आणि या खेपेला 'अवश्य' एकदाच म्हणा, म्हणजे मशीनमध्ये नीट येईल.